मेंटेनन्स समान की चौरस फुटानं? प्रश्नच चुकलाय

३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते, म्हणून सप्टेंबरचे शेवटचे दोन रविवार ठाण्यात आणि नवी मुंबईत सभांचेच असतात. स्टिल्टमधल्या गाड्या बाहेर निघतात, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, कोरमअभावी अर्धा तास तहकूब झालेली सभा पुन्हा सुरू होते. विषयपत्रिकेवर काहीही असो, बटाटावडा येईपर्यंत गाडी मेंटेनन्सवर आलेली असते. वन बीएचकेवाले म्हणतात, चौरस फुटानं घ्या. थ्री बीएचकेवाले म्हणतात, सगळे सभासद सारखे, सगळ्यांना सारखंच लावा. मग मतदान होतं, आणि ज्या आकाराचे फ्लॅट जास्त तो आकार जिंकतो.

२०२५पासून या भांडणात तेल ओतलं गेलंय. मोठ्या फ्लॅटवाल्यांनी जास्त मेंटेनन्स द्यावा, असा उच्च न्यायालयाचा निकाल आल्याचा फॉरवर्ड प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. निकाल खरा आहे. फक्त तो बहुतेक सोसायट्यांना लागू नाही.

ते प्रकरण पुण्यातल्या एका कॉन्डोमिनियमचं होतं. कॉन्डोमिनियम चालतं महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० या कायद्यावर. त्यात सामायिक खर्च जमीन आणि सामायिक जागांतल्या प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीनं वाटायचा, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. मोठा फ्लॅट, मोठा हिस्सा, मोठं बिल. गृहनिर्माण सोसायटी मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येते आणि तिचा हिशेब आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सहकार खात्यानं आखून दिलेल्या सोसायटीच्या नियमांप्रमाणे चालतो. दोन कायदे, दोन रीती.

आपलं नेमकं काय आहे हे घोडबंदर रोडवर सहसा विचारावं लागत नाही, पण नवी मुंबईत जरूर विचारा. सिडकोनं स्वतः बांधलेल्या जुन्या वसाहतींपैकी अनेक ठिकाणी सोसायटी नाहीच, अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन आहे, आणि शेजारच्या सेक्टरमध्ये खासगी बिल्डरच्या भूखंडावर नोंदणीकृत सहकारी सोसायटी. ओळख सोपी. हातात भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट असेल आणि लेटरहेडवरच्या नोंदणी क्रमांकात एचएसजी ही अक्षरं असतील, तर सोसायटी. घोषणापत्र आणि अपार्टमेंट डीड असेल, तर कॉन्डोमिनियम. दुसऱ्या प्रकारात मोडत असाल तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. तुमची टक्केवारी तुमच्या डीडमध्येच छापलेली आहे.

आता सोसायटी. समान की चौरस फुटानं, हा प्रश्नच चुकीचा आहे. मेंटेनन्सचं बिल ही एक रक्कम नसते, आठ-दहा वेगवेगळ्या रकमांची बेरीज असते, आणि उपविधींनी प्रत्येकीचा वाटपाचा नियम वेगळा ठरवून दिलाय. काही खर्च समान, काही क्षेत्रफळावर, काही बांधकाम खर्चावर, आणि पाणी चक्क नळांवर. भांडण होतं ते बिलात "मेंटेनन्स: ४,००० रुपये" अशी एकच ओळ छापलेली असते म्हणून.

समान काय

सेवाशुल्क समान. यात येतात वॉचमन, सफाई कामगार, माळी, मॅनेजर यांचे पगार, जिन्याचे-आवाराचे दिवे, ऑफिसचा खर्च, छपाई, टपाल, लेखापरीक्षण शुल्क, फेडरेशनची वर्गणी, सभेचा खर्च, वकिलाची फी. एकूण खर्च भागिले एकूण गाळे, म्हणजे फ्लॅट आणि दुकानं. कारण साधं: गेटवरचा वॉचमन सातशे फुटांच्या घराची जास्त आणि चारशे फुटांच्या घराची कमी राखण करत नाही. व्हीनस सोसायटीच्या गाजलेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं समान सेवाशुल्काचीच बाजू उचलून धरली होती. सर्वसाधारण सभेनं बहुमतानं सेवाशुल्क चौरस फुटावर नेलं, तरी तो ठराव उपविधींच्या विरुद्धच राहतो. थ्री बीएचकेवाल्यांचं इथं बरोबर आहे.

लिफ्टही समान, पण एका बारकाव्यासह. ज्या इमारतीत लिफ्ट आहे त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांत तिचा खर्च सारखा वाटायचा, वापर असो वा नसो. तळमजल्यावरच्या आजोबांचा "मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही" हा मुद्दा दर वर्षी निघतो आणि दर वर्षी पडतो. उलट, एकाच सोसायटीत चार मजली बिनलिफ्टच्या दोन इमारती आणि सात मजली एक असेल, तर बिनलिफ्टवाल्यांवर लिफ्टचा एक रुपयाही टाकता येत नाही. कळवा, खारेगाव, जुनं ऐरोली इथल्या मिश्र आवारांत ही चूक सर्रास दिसते, कारण अकाउंट लिहिणारा लिफ्टचं वार्षिक देखभाल बिल सरळ सेवाशुल्कात घालतो.

शिक्षण व प्रशिक्षण निधी दरमहा गाळ्यामागे १० रुपये. निवडणूक निधीही समान. गणपती, सत्यनारायण, सव्वीस जानेवारीचा नाश्ता या वर्गण्या ऐच्छिक. त्या बिलात छापून थकबाकीत ओढता येत नाहीत, कितीही पवित्र असल्या तरी.

क्षेत्रफळावर काय

विमा, भाडेपट्ट्याची रक्कम आणि बिगरशेती आकार. हे तीन बांधीव क्षेत्राच्या प्रमाणात. नवी मुंबईत सिडकोची जमीन साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते, त्यामुळे तिथल्या बिलांत भाडेपट्ट्याची ओळ दिसू शकते. रक्कम किरकोळ असते, तिच्यावर भांडत बसू नका. तळाच्या दुकानात ज्वालाग्राही माल असल्यानं विम्याचा हप्ता वाढला, तर वाढीव हप्ता त्या दुकानदाराचा.

मालमत्ता कर महापालिका ज्याच्यावर जेवढा लावेल तेवढा. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेची बिलं बहुतेक ठिकाणी थेट फ्लॅटधारकाच्या नावानं येतात, त्यामुळे सोसायटीच्या बिलात ही ओळ नसते. सोसायटीच्या ऑफिसचा कर मात्र सेवाशुल्कात जातो.

दोन निधी, ज्यांना कुणी हात लावत नाही

सिंकिंग फंड आणि दुरुस्ती-देखभाल निधी हे फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर आकारायचे. सिंकिंग फंड वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के. बांधकाम खर्च म्हणजे बाजारभाव नव्हे आणि करारनाम्यातली किंमतही नव्हे. जमिनीची किंमत वगळून केवळ बांधायला आलेला खर्च, आर्किटेक्टनं प्रमाणित केलेला. ९० लाखांना घेतलेल्या फ्लॅटचा बांधकाम खर्च १५ लाखही असू शकतो. १५ लाखांचा पाव टक्का वर्षाला ३,७५०, महिन्याला साडेतीनशेच्या आत.

पाऊण टक्का मात्र टोचतो. त्याच फ्लॅटला तो वर्षाला ११,२५० होतो, महिन्याला साडेनऊशेच्या आसपास. म्हणून बहुतेक कमिट्या "दुरुस्ती निधी १०० रुपये" असा गोल आकडा ठेवतात आणि सभा टाळ्या वाजवते. मग पंधरा-वीस वर्षांनी बाहेरचं प्लास्टर फुगतं, डक्टमधले पाइप गळतात, गच्चीचं वॉटरप्रूफिंग जातं आणि एका दणक्यात फ्लॅटमागे दीड-दोन लाखांची मागणी निघते. तेव्हा सर्वात मोठ्यानं ओरडणारे बहुधा तेच, ज्यांनी १०० रुपयांना हात वर केलेला असतो. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढे दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायची असते. तिचा अहवाल येण्याआधी निधी उभा असला पाहिजे, नंतर नव्हे. खाडीलगतच्या कोपरी, विटावा, वाशी, कोपरखैरणेसारख्या भागांत खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सळ्यांना गंज लवकर आणतो. तिथं पाऊण टक्का हा किमान आहे, हे शब्दशः घ्यावं.

सिंकिंग फंड रोजच्या दुरुस्तीला वापरायचा नसतो. मोठी, संरचनात्मक दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी, तीही आर्किटेक्टचं प्रमाणपत्र आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी घेऊन. वार्षिक अहवालात एक गोष्ट जरूर तपासा: ताळेबंदातल्या देण्याच्या बाजूला सिंकिंग फंड जेवढा दिसतो, तेवढीच ठेव समोरच्या बाजूला बँकेत आहे का? फंड २२ लाख आणि ठेवी १४ लाख असतील तर ८ लाख वॉचमनच्या पगारात गेलेत. फसवणूक असेलच असं नाही. सेवाशुल्क कमी ठेवून लोकप्रिय झालेल्या कमिटीचं हे नेहमीचं लक्षण आहे.

पाणी: खरी मारामारी इथं

उपविधी म्हणतात, पाणीपट्टी प्रत्येक गाळ्यातल्या नळांच्या एकूण संख्येवर आणि आकारावर वाटायची. माणसांवर नाही, क्षेत्रफळावर नाही. चार पेइंग गेस्ट ठेवणारा आणि एकटी राहणारी आजी यांचे नळ सारखे असतील तर पाणीपट्टीही सारखी. अन्याय्य वाटतं, पण दर महिन्याला घरातली डोकी मोजण्यापेक्षा बरं, कारण डोकी खोटी सांगता येतात, नळ भिंतीत असतात.

नळ मोजायचे कसे, यावर एकदाच सभेत ठराव करून घ्यावा. साधी रीत अशी: पाणी बाहेर सोडणारं प्रत्येक टोक म्हणजे एक नळ. सिंक, बेसिन, बाथरूमचा नळ आणि शॉवर मिळून एक, फ्लश, वॉशिंग मशीनचा पॉइंट. वन बीएचकेला असे पाच होतात. दुसरं टॉयलेट असलेल्या टू बीएचकेत बेसिन, शॉवर आणि फ्लश असे तीन वाढून आठ. गीझर मोजायचा नाही. तो पाणी आणत नाही, तापवतो. आकाराचा प्रश्न सहसा येत नाही, सगळे अर्ध्या इंचाचेच असतात. पाऊण इंची जोड असेल तर तो दीडपट धरणं चूक. पाइपचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणून तो सव्वादोन पट. मोजणी प्लंबर आणि दोन सभासद, एक कमिटीतला आणि एक कमिटीबाहेरचा, अशी करावी आणि यादी नोटीस बोर्डावर आठ दिवस लावावी. नूतनीकरणात बाल्कनीत चोरून काढलेले नळ या यादीनंच उघडे पडतात.

आता टँकर. घोडबंदर रोडवरच्या कासारवडवली, ओवळा, भाईंदरपाड्याच्या टॉवरना हा विषय नवा नाही. उलवे-खारघरच्या काही सेक्टरांनाही नाही. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे. ठाण्याकडे स्वतःच्या मालकीचं धरण नाही. तिथलं पाणी भातसा नदीवरची महापालिकेची योजना, स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार हातांतून येतं. एका हातानं शटडाउन घेतला की पुढचे एक-दोन दिवस कमी दाबानं पाणी, आणि गेटवर टँकर. टँकरचा खर्च सेवाशुल्कात घालायचा की पाणीपट्टीत? पाणीपट्टीत. पाणी पालिकेचं असो वा विकतचं, ते नळातूनच येतं. सेवाशुल्कात घातलं की वन बीएचकेवाला टू बीएचकेवाल्याचं पाणी भरतो, आणि वन बीएचकेवाल्यांची तक्रार इथं शंभर टक्के खरी ठरते.

टँकर किती लागावेत याचा अंदाज कागदावर निघतो. माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरी पुरवठ्याचा नेहमीचा निकष. ८४ फ्लॅट, सरासरी चार माणसं, म्हणजे दिवसाला सुमारे ४५,००० लिटर. पालिकेचं ३५,००० येत असेल तर १०,००० लिटरचा एक टँकर पुरायला हवा. दोन लागत असतील तर आधी गळती शोधा. भूमिगत टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह, ओव्हरहेड टाकीचा ओव्हरफ्लो आणि रात्रभर झिरपणारे फ्लश, याच क्रमानं.

आणि टँकर पूर्ण भरलेला असतो का, हे मोजायला मीटर लागत नाही. भूमिगत टाकीची आतली लांबी-रुंदी मीटरमध्ये घ्या. समजा ५ बाय ४, म्हणजे २० चौरस मीटर. १०,००० लिटर म्हणजे १० घनमीटर, म्हणून पातळी ५० सेंटिमीटर चढलीच पाहिजे. वॉचमनकडे सेंटिमीटरच्या खुणा केलेली पट्टी द्या. पालिकेचा व्हॉल्व्ह आणि वरच्या टाकीचा पंप दोन्ही बंद करून आधीची आणि नंतरची पातळी वहीत लिहायची. ४२ सेंटिमीटर चढली तर पाणी आलं ८,४०० लिटर, बिल १०,०००चं. पंप बंद करायचा राहिला की हे गणित बिघडतं आणि टँकरवाला उलट तुमच्यावरच डाफरतो, म्हणून तेवढं सांभाळा. वॉचमन आणि टँकर ड्रायव्हर, दोघांच्या सह्या वहीत एका ओळीत हव्यात.

आकड्यांत

सगळं एकत्र ठेवून बघू. समजा सोसायटीत ८४ फ्लॅट: ६०० चौरस फूट बांधीव क्षेत्राचे ४८ वन बीएचके आणि ९०० फुटांचे ३६ टू बीएचके. आकडे कल्पित आहेत, पण प्रमाण ओळखीचं वाटेल.

महिन्याचा सेवाखर्च: सुरक्षा ७५,०००, सफाई २८,०००, सामायिक वीज ३६,०००, ऑफिस-ऑडिट वगैरे १२,२००. बेरीज १,५१,२००, प्रत्येकी १,८०० रुपये. लिफ्ट १६,८००, प्रत्येकी २००. पाणी: पालिका २४,००० आणि वर्षाच्या सरासरीनं महिन्याला टँकरचे ४२,०००, एकूण ६६,०००. नळ ४८ गुणिले ५ आणि ३६ गुणिले ८, म्हणजे ५२८. नळामागे १२५ रुपये. वन बीएचकेला ६२५, टू बीएचकेला १,०००. दोन्ही निधी मिळून बांधकाम खर्चाच्या एक टक्का: १२ लाखांवर महिन्याला १,०००, १८ लाखांवर १,५००. विमा २० आणि ३०. प्रशिक्षण निधी १०.

वन बीएचकेचं बिल ३,६५५. टू बीएचकेचं ४,५४०.

हीच एकूण रक्कम, ३,३८,८८० रुपये, सरसकट समान वाटली तर प्रत्येकी ४,०३४. सरसकट चौरस फुटानं वाटली तर वन बीएचकेला ३,३२२ आणि टू बीएचकेला ४,९८४. म्हणजे नियमाचं बिल बरोबर मध्ये पडतं. समान पद्धतीत छोटा फ्लॅट महिन्याला ३७९ रुपये जास्त भरतो, फुटाच्या पद्धतीत मोठा ४४४ जास्त. सभेत दोन तास आरडाओरडा या चारशे रुपयांसाठी चालतो आणि दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर असतात.

जोडफ्लॅटचा प्रश्न इथंच येतो. दोन वन बीएचके भिंत पाडून एक केले, तरी सोसायटीच्या नोंदी आणि भागपत्रं दोन असतील तोवर सेवाशुल्क दोन. "घर एकच आहे" म्हणून सूट मागणारे विकताना मात्र दोन फ्लॅट म्हणून विकतात.

भाडेकरू, थकबाकी आणि जीएसटी

फ्लॅट भाड्यानं दिला की बिनभोगवटा शुल्क लागतं. कमाल मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्के, हा राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१चा आदेश आहे. वरच्या उदाहरणात १,८००चे १०, म्हणजे १८० रुपये. अख्ख्या बिलाचे १० टक्के नाहीत, आणि "भाडेकरू आहे, एक हजार लावा" तर नाहीच. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, जावई, नातवंडं अशी जवळची माणसं राहत असतील तर शून्य. फ्लॅट कुलूपबंद असेल तरी शून्य, पण बाकीचं बिल पूर्ण, पाण्यासकट.

थकबाकीवर व्याज वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के, सरळव्याज. महिन्याला १.७५ टक्के, ४,५४०वर ७९ रुपये ४५ पैसे. चूक होते ती सॉफ्टवेअरमध्ये. मागील बाकी या एकाच रकान्यात मुद्दल आणि व्याज मिसळलं की पुढच्या महिन्यापासून व्याजावर व्याज चढतं, आणि दोन-तीन वर्षांच्या थकबाकीत हा फरक हजारोंत जातो. वसुली दाखल्यासाठी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे गेल्यावर समोरच्याचा वकील पहिलं बोट इथंच ठेवतो. बिलात "मागील मुद्दल" आणि "मागील व्याज" हे दोन रकाने वेगळे ठेवा, सुरुवातीपासून. थकबाकीदाराचं पाणी तोडणं, लिफ्टचं कार्ड बंद करणं, गेटवर त्याचं नाव लावणं असले उद्योग कमिटीच्याच अंगाशी येतात. गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९मध्ये कायद्यात आलेल्या प्रकरणातलं कलम १५४ब-२९ वसुलीसाठीच आहे; लागतात ती बिलांच्या प्रती, नोटिसांची पोच आणि खातेउतारा.

जीएसटीचं भय नाहक पसरलंय. दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात: सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांवर आणि सभासदाचं महिन्याचं बिल ७,५००वर. मग १८ टक्के. केंद्राच्या २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे तो पूर्ण रकमेवर, मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१च्या निकालाप्रमाणे फक्त ७,५००च्या वरच्या भागावर. यावर सीएचा लेखी सल्ला घेऊन तो इतिवृत्तात जोडा. क्लबहाउस आणि पोहण्याचा तलाव असलेल्या टॉवरांना याची झळ बसते, चार मजली सोसायटीला नाही.

पार्किंगचा दर सर्वसाधारण सभा ठरवते. मोकळी किंवा स्टिल्टमधली जागा बिल्डरला विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्येच सांगितलंय. बाकी पार्किंगवर लिहायचं तर वेगळाच लेख लागेल.

चौरस फूट आला कुठून

बिल्डरकडून. ताबा देताना तो चोवीस महिन्यांचा मेंटेनन्स आगाऊ घेतो, तोही प्रति चौरस फूट दरानं, अनेकदा कार्पेट सोडून कुठल्यातरी फुगवलेल्या क्षेत्रावर. सोसायटी नोंदली जाईपर्यंत लोकांना त्या दराची सवय होते आणि पहिली कमिटी तोच पुढे चालवते. सोसायटीची पहिली सभा झाली की हा दर बंद करून वरच्या पद्धतीनं अंदाजपत्रक मांडावं, आणि बिल्डरकडून आगाऊ रकमेचा खर्च-हिशेब लेखी मागावा. टाउनशिपमध्ये तिथल्या सगळ्या सोसायट्यांच्या मिळून बनलेल्या फेडरेशनचं वेगळं बिल येतं, रस्ते, सांडपाणी प्रक्रिया केंद्र (एसटीपी), क्लबहाउस यांचं. त्याचं सूत्र फेडरेशनच्या उपविधींत किंवा करारात असतं. ते बिल सोसायटीच्या सेवाशुल्कात न मिसळता स्वतंत्र ओळीत दाखवावं, नाहीतर बिनभोगवटा शुल्काचा १० टक्केही चुकतो.

बदल करायचा असेल तर मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित उत्पन्न-खर्च तक्ता घ्या, प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलनं स, क्ष, ब किंवा न लिहा: समान, क्षेत्र, बांधकाम, नळ. संध्याकाळचं काम आहे. चार बेरजा करा, भागाकार करा, आताच्या बिलाशेजारी ठेवा आणि सभेच्या नोटिसीआधी सचिवांना लेखी द्या, म्हणजे तो विषय पत्रिकेवर येतो. "आयत्या वेळचे विषय" या सदरात मांडलात तर ठराव टिकणार नाही.

कमिटीनं ऐकलंच नाही, तरी बिल भरणं थांबवू नका. थकबाकीदार झालात की तक्रारीचं बळ जातं. रक्कम ऑनलाइन भरा आणि त्याच दिवशी "हरकत राखून भरणा" असं पत्र देऊन पोच घ्या. उत्तर आलं नाही तर उपनिबंधकांकडे. सिडको क्षेत्रातल्या सोसायट्यांसाठी सहकार खात्याचं वेगळं कार्यालय आहे. सभेच्या ठरावालाच आव्हान द्यायचं असेल तर वाट सहकार न्यायालयाची. अर्जाला उपविधींची प्रत, गेल्या बारा महिन्यांची बिलं, इतिवृत्ताची प्रत आणि तुमचा तो पेन्सिलीचा तक्ता जोडा. तक्ता शाईनं उतरवून.